गोधडीचे थर चिकटवायला स्प्रे वापरू का? बाळंतविड्यासाठी आहे, लवकर सांगा

मानेवाडा_काकू
नमस्कार सगळ्यांना. माझ्या मुलीची डिलिव्हरी जूनच्या शेवटी आहे, पहिलंच बाळंतपण, आणि बाळंतविड्यात गोधडी माझ्याच हातची द्यायची हे मी केव्हाचं ठरवून ठेवलं आहे. माझ्या आईचं एक सुती नागपुरी लुगडं आहे, धुवून धुवून इतकं मऊ झालंय की हातातून सोडवत नाही, ते खालच्या बाजूला लावायचं, वरून तुकडे जोडून केलेला भाग (तो तयार आहे, 36 बाय 45 इंच) आणि मधात कापसाची पातळ शीट. आता अडलंय ते तिन्ही थर एकत्र धरण्यावर. दरवेळी मी फरशीवर पसरून कच्चे टाके घालायची, पण मागच्या वर्षापासून गुडघे साथच देत नाहीत, खाली बसली की उठायला कोणीतरी हात द्यावा लागतो. व्हिडिओत पाहिलं की बायका स्प्रे मारून थर चिकटवतात आणि सरळ मशीनवर घेतात, तेव्हापासून तोच विचार करून राहिली आहे. पण तो चिकटा बाळाच्या अंगाला लागेल का, लुगड्यावर डाग पडेल का, मशीनची सुई खराब होते का? आणि घरात दिवसभर कूलर चालू असतो, बंद केला तर दहा मिनिटं बसवत नाही. कोणी केलं असेल तर नीट सांगा नं.

धरमपेठ_शिवण
काकू मी तीन-चार वर्षांपासून स्प्रेच वापरते, तुमच्या मापाच्या गोधडीला अगदी सोयीचा आहे. पण पहिले एक गोष्ट बघा, डब्यावर कापडासाठीचा टेम्पररी स्प्रे असं लिहिलेलं पाहिजे. 505 नावाचा येतो तो त्यातलाच, तो कायमचा चिकटत नाही, थर उचलून परत सरळ करता येतो आणि धुतला की निघून जातो. मशीन एम्ब्रॉयडरीचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा, ऑनलाइन मागवला तर जरा आधी मागवा कारण प्रेशरचे डबे विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतात.

आता खाली बसायचं कामच नाही, डायनिंग टेबलवर करा. लुगडं उलटं पसरून कडा कागदी टेपने टेबलला चिकटवा, ताणायचं नाही, फक्त सुरकुती जाईल इतकंच. त्यावर शीट ठेवा, अर्धी मागे दुमडा आणि स्प्रे शीटवर मारा, लुगड्यावर नाही, हे विसरू नका, कारण शीट तो शोषून घेते आणि कापडावर ओला डाग दिसत नाही. डबा वीतभर लांब धरायचा, 20-25 सेंटीमीटर, आणि हात फिरता ठेवायचा, एका जागी थांबला की तिथे गोळा होतो आणि मग सुई तिथेच अडते. मग शीट परत खाली आणून तळहाताने मधातून बाहेर सारखी करत जायची, मग दुसरी अर्धी बाजू, मग वरचा भाग तसाच. टेबलच्या भोवती जुनी चादर अंथरा नाहीतर फरशी इतकी चिकट होते की चप्पल उचलत नाही (साबणाच्या गरम पाण्याने निघते, पण पुसायला वाकावं लागेल नं तुम्हाला).

सुई 14 नंबरची नवीन लावा, मधेच चिकट वाटली तर मशीन बंद करून स्पिरिटच्या कापसाने पुसा.

नंदनवन_वर्कशॉप
कूलरचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. या डब्यांमधला गॅस पेट घेणारा असतो, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली फरशीजवळ बसते. त्यामुळे गॅस शेगडी, देवाजवळचा दिवा, उदबत्ती, काहीही पेटलेलं त्या खोलीत किंवा बाजूच्या खोलीत नको. कूलर समोरून चालू असेल तर अर्धा स्प्रे भिंतीवर जाईल आणि अर्धा तुमच्या नाकात. सकाळी सहा-साडेसहाला करा, खिडक्या दारं उघडी, कूलर स्प्रे मारायच्या आधीच बंद, वास जाईपर्यंत कोणतंच बटण दाबायचं नाही. तोंडाला मास्क, आणि मुलगी घरी आली असेल तर तिला त्या वेळी दुसरीकडे पाठवा.

दुसरं, डबा गच्चीवर, बाल्कनीत, गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. त्यावर 50 डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मे मधे बाहेरच 45 असतं, बंद गाडीत किती होत असेल विचार करा.

आणि हार्डवेअरच्या दुकानातला फोम चिकटवायचा स्प्रे अजिबात घेऊ नका. मी घाईत तोच आणून बायकोला दिला होता, एक डबल बेडची गोधडी गेली पूर्ण. धुतल्यावरही कडक राहिली, पिवळट पट्टे आले आणि सुई दर दोन वितांवर धागा तोडायची. तिने सहा महिने तुकडे जमवले होते, मला अजूनही वाईट वाटतं त्याचं.

महाल_हातशिलाई
मी थोडं वेगळं सांगणार आहे. मशीन मारणार असाल तर वरचं सगळं बरोबर. पण आईच्या लुगड्यावर हाताचा धावदोरा घालायचा असेल तर स्प्रे नका मारू, चिकट्यातून सुई ओढावी लागते, बोटं दुखतात आणि झिजलेलं सूत त्या ओढण्याने फाटतं. आमच्या घरी गोधडी म्हणजे पाच-सहा जुन्या साड्यांचे थर, आत शीट नाहीच, तिथे तर प्रत्येक थराला स्प्रे मारत बसावं लागेल, त्यात काही अर्थ नाही. पिंजलेली रुई भरली असेल तरी तेच, सुटी रुई स्प्रेने धरून राहत नाही.

कच्चे टाके टेबलवर पण घालता येतात काकू, तुमचं माप लहान आहे. चार कोपऱ्यांवर वजन ठेवा, आमच्याकडे खलबत्ता आणि वरवंटा असतात, आणि मधातून सुरू करून बाहेर उन्हाच्या किरणांसारखे लांब टाके, मग आडवे, एकेका मुठीच्या अंतराने. एका तिपाईवर बसून तासाभरात होतं. सेफ्टी पिना लावल्या तर पाऊस लागायच्या आत काढा, मी एकदा अर्धवट गोधडी पिनांसकट कपाटात ठेवली आणि ऑगस्टमधे बघते तर प्रत्येक पिनेखाली गंजाचा ठिपका, तो गेला नाही तो नाहीच.

सक्करदरा_आजी
स्प्रे नसेल मिळत तर साबुदाण्याची पातळ खळ ब्रशने शीटवर लावून वरून इस्त्री फिरवा, आम्ही तसंच धरून ठेवायचो. फक्त शिवून झालं की लगेच धुवा, खळ राहिली की कसर लागते.

मानेवाडा_काकू
किती मनापासून सांगितलंत सगळ्यांनी, वाचून डोळ्यात पाणी आलं. हाताचा धावदोरा घालायची माझी फार इच्छा होती पण मशीनच मारावी लागेल असं दिसतं. महालच्या ताई, लुगडं खरंच झिजलेलं आहे, पदराजवळ तर उजेडात धरलं की आरपार दिसतं, मग स्प्रे चालेल का?

महाल_हातशिलाई
पदराजवळचा भाग वापरूच नका, लुगडं मोठं असतं, मधला घट्ट भाग निघेल तुमच्या मापाचा. पण आधी एक तुकडा ओला करून पांढऱ्या कपड्यावर दाबा, काठाचा रंग सुटतो का बघा, कारण स्प्रे काढायला गोधडी धुवावीच लागेल आणि तेव्हा लाल काठ वरच्या तुकड्यांना लागला तर फार वाईट वाटेल. सुटत असेल तर काठ आत्ताच वेगळा काढा, शेवटी वरून पट्टी म्हणून हाताने लावता येईल, तेवढा तरी तुमच्या हातचा टाका राहील.

धरमपेठ_शिवण
बरोबर आहे. आणि त्याच तुकड्यावर शीट ठेवून स्प्रे पण मारून बघा, मशीनचे चार टाके मारा, धुवा, वाळवा, मगच लुगड्याला हात लावा. बाळासाठी असल्यामुळे मी दोनदा धुते, साध्या पावडरने, सॉफ्टनर नाही, आणि कडक उन्हात वाळवते. आणि ही खाली अंथरायला द्या, झोपताना अंगावर नको, तान्ह्या बाळाच्या तोंडावर पांघरूण जायला नको म्हणून.

मानेवाडा_काकू
हो हो, खाली अंथरायलाच आहे. आत्ताच काठाचा तुकडा ओला करून पाहिला, लाल थोडा सुटला, म्हणजे काठ काढते. डबा मागवते आज, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी एखाद्या पहाटे टेबलवर घेते. नंदनवनचे भाऊ, दिव्याचं बरं सांगितलं, माझी पूजा साडेपाचला होते आणि दिवा बराच वेळ तेवत असतो, त्या दिवशी काम झाल्यावरच लावीन.

नंदनवन_वर्कशॉप
दिवा लावायच्या आधी खोलीत वास आहे का बघा, काकू. अर्धा तास तरी खिडक्या उघड्या ठेवा.