मदत हवी आहे: शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीवर भाषण, "मग औषध कुठंय?" याला उत्तर सापडत नाही

गोदाकाठची
शनिवारी भाषण आहे आणि मी अर्ध्यावर अडकलेय. विषय डोळ्यांवर संशोधन करणारे मॅथ्यू लाव्हेल, त्यांची कारकीर्द. टिपणं काढून झाली, पण काल मैत्रिणीला म्हणून दाखवलं तर ती म्हणाली, "एवढी वर्षं उंदरांवर काम केलं, मग औषध कुठंय?" मला काहीच सांगता येईना. कोणी या विषयातलं असेल तर लवकर सांगा. लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

चष्मेवाला_पंचवटी
कोण हे लाव्हेल? भाषण कॉलेजात का? किती मिनिटं, मराठीत की इंग्रजीत? एवढं तरी लिहायचं की.

सिडकोचे_काका
बेटा, डोळ्यांचा विषय दिसतोय. आमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, आता रोज पेपर वाचते. अजिबात घाबरू नका.

चष्मेवाला_पंचवटी
काका, मोतीबिंदू भिंगाचा. ही ताई बहुतेक पडद्याबद्दल विचारतेय.

गोदाकाठची
हो, पडदाच. लाव्हेल म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातले रेटिनाचे संशोधक. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन ना, आमच्या भागातल्या वाचनालयात वीस मिनिटं बोलायचंय, मराठीत. मी एमएस्सी झूलॉजी करतेय. आता तरी सांगा कोणीतरी.

लॅबमधली
मी पुण्यात पेशींवर काम करते, डोळ्यांवर नाही, पण त्यांचे पेपर वाचलेत. तू सुरुवात कुठून केलीस? १९९० पासून असेल तर तिथेच अडकशील. १९७६ पासून कर.

तेव्हा प्रश्न असा होता: आरसीएस जातीच्या उंदरांच्या प्रकाशपेशी (पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी) मरतात, पण दोष कोणाचा? लाव्हेल आणि रिचर्ड मलेन यांनी निरोगी आणि आजारी उंदरांचे भ्रूण जोडून मिश्र उंदीर वाढवले. पडद्यामागे रंगद्रव्याचा थर असतो. त्या थरात जिथे आजारी पेशींचं ठिगळ, तिथल्याच प्रकाशपेशी गेलेल्या. म्हणजे दोष शेजाऱ्यात आणि मरतेय दुसरीच पेशी! प्रकाशपेशींची टोकं रोज झडतात, ती गिळून जागा साफ ठेवायचं काम हा थर करतो. आरसीएस उंदरात ते होत नाही, कचरा साठतो.

मग १९९०. त्याच जातीच्या उंदरांच्या डोळ्यात बीएफजीएफ नावाचं प्रथिन टोचलं आणि प्रकाशपेशींचं मरण लांबलं. जनुकातला दोष होता तिथेच, तरी पेशी तगल्या. न्यूरोप्रोटेक्शन, म्हणजे चेतापेशींना मरण्यापासून वाचवणं, ते हेच. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. तुलनेसाठी काही डोळ्यांत नुसतं सलाइन टोचलं होतं. तिथेही, सुई शिरली त्या रेषेलगतच्या पेशी वाचल्या! जखम झाली की पडदा स्वतःच काहीतरी रक्षण करणारं सोडत असावा, असा त्याचा अर्थ निघत होता. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने उंदीर आठवडाभर अखंड प्रकाशात ठेवले आणि त्याआधी एकेक प्रथिन टोचून बघितलं. ज्यांनी पेशी वाचवल्या त्यात सीएनटीएफ नावाचं प्रथिन होतं. हे नाव पाठ कर.

निवृत्त_मास्तर
उंदीर वाचले हे मान्य. पण मैत्रिणीचा प्रश्न रास्त आहे. काचबिंदूत चेतापेशी वाचाव्यात म्हणून मेमँटिन या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २०१८ मध्ये निकाल छापून आले, उपयोग दिसला नाही. सीएनटीएफसुद्धा रेटिनायटिस पिगमेंटोजाच्या (आरपी, पडदा हळूहळू निकामी करणारा आनुवंशिक आजार) रुग्णांत ठरवलेल्या कसोटीवर उतरलं नाही. मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये.

लॅबमधली
सर, तुम्हीही अर्धीच सांगताय. तेच सीएनटीएफ मॅक्टेल टाइप २ या पडद्याच्या दुसऱ्या आजारात चाललं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मंजुरी दिली, नाव एन्सेल्टो. गेलेली नजर परत येत नाही, प्रकाशपेशी जाण्याचा वेग कमी होतो. टोचलेलं प्रथिन डोळ्यात फार टिकत नाही आणि आजार तर वर्षानुवर्षांचा. म्हणून डोळ्यात बारीक कुपी बसवतात. आत सीएनटीएफ बनवणाऱ्या जिवंत पेशी. कुपीच्या भिंतीतून प्राणवायू आत येतो, सीएनटीएफ बाहेर जातं, शरीराच्या संरक्षक पेशींना मात्र आत शिरता येत नाही. आणि कुपीतल्या पेशी कुठल्या? माणसाच्या त्याच रंगद्रव्याच्या थरातून वाढवलेल्या! १९७६ ला जो थर गुन्हेगार ठरला होता, तोच आता औषध बनवतोय.

निवृत्त_मास्तर
मॅक्टेलचं मला माहीत नव्हतं. ही मंजुरी सांगच, पण अपयशही त्याच दमात सांग. वाचनालयात कोणाच्या तरी घरी असा पेशंट असतोच, तो आशेने ऐकत असतो.

गोदाकाठची
सर, तो पेशंट आमच्याच घरी आहे. माझा दादा. अंधार पडला की त्याला दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी रामकुंडाच्या पायऱ्यांवरून पडला, तेव्हा कळलं. तो भाषणाला येणार आहे. म्हणूनच हा विषय घेतला.

द्राक्षबाग_दिंडोरी
मग आधी व्हिटॅमिन ए सुरू करा. १९९३ साली अमेरिकेत बर्सन नावाच्या डॉक्टरांनी रोज १५,००० युनिटने आरपीचा वेग थोडा कमी होतो असा अभ्यास छापला होता. आमच्या चुलतभावाला देतोय, फरक आहे.

चष्मेवाला_पंचवटी
दादा, असं कसं सांगता? आजाराचं नावच तिने लिहिलेलं नाही. स्टारगार्ट (पडद्याचाच दुसरा आनुवंशिक आजार) असेल तर जादा व्हिटॅमिन ए उलट टाळायला सांगतात. मोठ्या मात्रेत लिव्हरलाही त्रास होतो.

द्राक्षबाग_दिंडोरी
रातांधळेपणा आहे म्हणजे आरपीच असणार. आम्ही सहा वर्षं भोगतोय, पुस्तकातून नाही बोलत.

लॅबमधली
अनुभव तुमचा खरा, पण बर्सन यांच्या त्या निष्कर्षावर नंतर शंका घेतल्या गेल्यात. गोदाकाठची, जनुक चाचणी झालीय का? आरपी एकाच जनुकामुळे होत नाही. लक्सटर्ना हे जनुकोपचाराचं इंजेक्शन २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते आरपीई६५ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असेल तरच चालतं. कुठलं जनुक हे कळल्याशिवाय कुठलाच सल्ला धरू नका, माझाही. आणि कोणी "स्टेम सेल टोचून नजर आणतो" म्हणून पैसे मागितले तर तिथून उठा. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत.

सिडकोचे_काका
शनिवारी वाचनालय किती वाजता? आईला घेऊन येतो.

गोदाकाठची
काका, सहा वाजता. जनुक चाचणी नाही झाली, फक्त पडद्याचा फोटो आणि फील्डची (नजर किती रुंद दिसते त्याची) तपासणी. डॉक्टरांनी आरपीच लिहिलंय. चाचणीचं आजच घरी काढते. दादाला व्हिटॅमिन काही देत नाहीये.

भाषण परत लिहिलं. १९७६, १९९०, सलाइनचे डोळे, १९९२, मग चाललं नाही ते, मग २०२५. "औषध कुठंय" हे मैत्रिणीचं वाक्य आता पहिल्याच ओळीत घेतलंय. सरांचं ऐकून दादाला आधीच सांगितलं की हे त्याच्या आजाराचं औषध नाही. तो म्हणाला, सलाइनचं परत सांग. तीनदा सांगायला लावलं.

एकच अडलंय. "नीडल ट्रॅक" ला मराठीत काय म्हणू? सुईचा मार्ग फार कोरडं वाटतं.

निवृत्त_मास्तर
सुईची वाट म्हण.