विहिरीचं पाणी: आधी सॉफ्टनर की आधी तपासणी?

रहाटगाडगं:
"घरची विहीर आहे ना? मग डोळे मिटून अख्ख्या घराला सॉफ्टनर (जड, म्हणजे कठीण पाणी मऊ करणारं यंत्र) लावा, स्वयंपाकघरात आरओ, विषय संपला. पाणी तपासून घेणं म्हणजे पैसे जाळणं. खिशातला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर सगळं सांगतो." परवा कुणीतरी असं ठणकावून लिहिलं आणि खाली पंधरा जणांनी माना डोलावल्या. गप्प बसणार होतो, पण हेच ऐकून मी एकदा हात पोळून घेतलेत.

आमच्या विहिरीचं पाणी उपसलं की काचेसारखं दिसायचं. सॉफ्टनरवाला आला, मीटर बुडवला, आकडा बघून म्हणाला, "तुम्हाला मोठंच मॉडेल लागणार." सहा-सात महिने झक्क चाललं. मग साबणाचा फेस पुन्हा मरायला लागला. टाकी उघडली तर सोनेरी रेझिन (पाणी मऊ करणारे बारीक मणी) पार विटकरी झालेलं, वर बुळबुळीत थर. कारण लोह. विरघळलेलं लोह दिसत नाही, हवा लागली की गंजून खाली बसतं. पांढऱ्या बादलीत पाणी रात्रभर ठेवलं असतं तरी सकाळी तळाला तांबूस गाळ दिसला असता. तेवढंही कुणी केलं नाही. मीही नाही, हे आधीच कबूल करतो.

आता मुद्दा. सॉफ्टनर पाणी शुद्ध करत नाही. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, बस. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक तो जसेच्या तसे पुढे ढकलतो. आणि टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून आकडा सांगतो. तो आकडा कशाचा बनलाय हे त्याच्या बापालाही कळत नाही. म्हणून आधी कठीणपणा, लोह, मॅंगनीज, पीएच, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि कोलिफॉर्म (पाण्यात घाण मिसळल्याची खूण असणारे जंतू) एवढं तपासा. मग काय लावायचं, कुठल्या नळाला लावायचं, ते ठरवा. बहुतेक घरांत गीझरची आणि न्हाणीघराची लाइन मऊ केली की भागतं. बागेच्या नळाला मऊ पाणी कशाला?

हौशी_प्लंबर:
ते "कुणीतरी" मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तुमचा लोहाचा किस्सा खरा असेल, पण तो तुमच्या विहिरीचा. माझा ऐका. चार वर्षांत दोन गीझर गेले. दुसऱ्याचं एलिमेंट बाहेर काढायला गेलो तर भोकातून निघेना, कारण त्याच्यावर मनगटाएवढा पांढरा दगड चढलेला. स्क्रू-ड्रायव्हरने ठोकलं तर भिंतीच्या गिलाव्यासारखे पोपडे पडले. शॉवरच्या चाळणीतून तीन धारा समोर आणि एक थेट छताकडे. सॉफ्टनर लावला त्याला आठ वर्षं झाली, एलिमेंट अजून तेच आहे. तपासणी केली नव्हती. ज्याच्या घरात दगड पडतोय त्याला पाणी जड आहे हे कागदावर लिहून कशाला हवं?

आणि आरओ लावायचा तर जड पाण्याने त्याचं मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) बसतं, म्हणून आधी सॉफ्टनर. यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) लावायचा तर त्याच्या क्वार्ट्झच्या नळीवर क्षार चढतात, म्हणून आधी सॉफ्टनर. कुठूनही या, गाडी तिथेच येते.

रहाटगाडगं:
मेम्ब्रेन आणि क्वार्ट्झचं मान्य. तेवढंच.

गारगोटी:
टीडीएसवरून आठवलं. आमच्याकडे सॉफ्टनरच्या आधी मीटर ८८० दाखवायचा, नंतर ९१५. मी फसवले गेले म्हणून त्या माणसाशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, मीटर बिघडलाय. नवीन मीटर आणला, तोही तेच दाखवायला लागला! मग एका ओळखीच्या रसायनवाल्या बाईंनी समजावलं की ४० भार कॅल्शियम निघतं तेव्हा ४६ भार सोडियम आत येतं, म्हणजे टीडीएस उतरणार नाहीच, झालाच तर किंचित चढेल. विकणाऱ्यालाच माहीत नव्हतं. शेवटी साबण बाटलीत घालून खळखळवला आणि फेस बघून खात्री केली.

आजोळचा_आड:
काय चाललंय हे? आमच्या आडाचं पाणी चार पिढ्या प्यायल्या. गढूळ झालं की तुरटी फिरवायची, फडक्याने गाळायचं, शंका आली की उकळायचं. तेव्हा कुठे होत्या तुमच्या प्रयोगशाळा? आजी ९१ वर्षांची होऊन गेली.

रहाटगाडगं:
आजींना नमस्कार. पण ज्यांना ते पाणी सोसलं नाही ते इथे लिहायला आलेले नाहीत, एवढं लक्षात घ्या. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा जात नाही. उकळल्याने जंतू मरतात आणि बायकार्बोनेटवाला तात्पुरता कठीणपणा भांड्याच्या बुडाशी बसतो, हे खरं. पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, ती तान्ह्या बाळांच्या निळं पडण्यावरून. आणि नायट्रेटला ना रंग, ना वास, ना चव. आड खोल होता, आजूबाजूला शोषखड्डे नव्हते, तेव्हाचं तेव्हा.

आजोळचा_आड:
म्हणजे आता आडाने आपलं चारित्र्य सिद्ध करायचं. बरं.

मातीतला:
शोषखड्डा शब्द काढलात म्हणून बोलतो. इतकी चर्चा झाली, पण सॉफ्टनरचं रेझिन दर काही दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुतात, ते खारं पाणी जातं कुठे, हे एकानेही विचारलं नाही. मी सांगतो कुठे जातं. माझ्या शेजाऱ्याचं माझ्या कुंपणाला लागून असलेल्या खड्ड्यात जातं, माझ्या विहिरीपासून पंचवीस पावलांवर. दर चार-पाच दिवसांनी पहाटे त्या पाइपातून गुळगुळ आवाज येतो. कुंपणालगतच्या जास्वंदीची पानं आधी कडेने करपली, मग झाड गेलं. तिथली माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी. सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होतात, निचरा बंद पडतो. हे मी वाचून नाही, कुदळ मारून सांगतोय.

हौशी_प्लंबर:
हे शेजाऱ्याचं भांडण आहे, सॉफ्टनरचं नव्हे. आणि किती मीठ असतं हो त्यात? मूठभर.

गणिती:
मूठभर? मांडून बघू. रोज ६०० लिटर पाणी, कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला २४० ग्रॅम काढायचे. २५ लिटर रेझिन एका फेरीत साधारण १२०० ग्रॅम पेलतं, म्हणजे पाच दिवस. प्रत्येक धुण्याला सुमारे ३ किलो मीठ. वर्षाला ७३ वेळा, २१९ किलो. तुमची मूठ जरा दाखवा.

मातीतला:
धन्यवाद. सव्वादोनशे किलो, माझ्या विहिरीच्या पंचवीस पावलांवर.

हौशी_प्लंबर:
गणितीभाऊ, तुमचं गणित टायमरवर चालणाऱ्या जुन्या यंत्राचं आहे. वापरलेलं पाणी मोजणाऱ्या मीटरचा व्हॉल्व्ह असला की पाणी वापरलं तेवढंच धुणं होतं. आणि मातीतल्यांना एक सरळ प्रश्न. सॉफ्टनर येण्याआधी विहिरीतलं क्लोराइड मोजलं होतंत का?

मातीतला:
नाही.

हौशी_प्लंबर:
मग पुरावा काय? जास्वंद?

मातीतला:
हो, जास्वंद! बारा वर्षांचं झाड होतं. आईने लावलेलं. तुम्हाला एलिमेंटवरचा दगड पुरावा वाटतो आणि माझं झाड गंमत वाटते?

गणिती:
दोघंही जरा दमानं घ्या. मीटरच्या व्हॉल्व्हचं म्हणणं अर्धंच खरं आहे. त्याने फुकटची धुणी वाचतात, पण मी धरलेलं पाणी रोजच्या वापराचंच आहे, ते हिशेबातून जात नाही. मीठ खरंच कमी करायचं तर मऊ करायचं पाणी कमी करा. फक्त गीझरची लाइन म्हणजे रोज २०० लिटर धरा, मीठ तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मातीतल्यांचं पण एक चुकतंय. सोडियम बरंचसं मातीला धरून राहतं, क्लोराइड मात्र थेट खाली झिरपतं. त्यामुळे मातीचं नुकसान आणि विहिरीचं नुकसान हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विहिरीचं क्लोराइड आज मोजा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. मग भांडा, पण आकडे घेऊन.

उंबरठा:
माती, झाडं सगळं ठीक आहे. माणसांचं काय? वडिलांना मीठ कमी करायला सांगितलेलं आणि आमच्याकडे पिण्याचा नळही सॉफ्टनरवरच जोडलेला. वर्षभर आम्ही ताटातलं मीठ मोजत होतो आणि नळातून ते येतच होतं. बसवणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नाही.

गणिती:
४०० कठीणपणा मऊ केला की लिटरला साधारण १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. दोन लिटर प्यायलं तर ३६८, म्हणजे एक ग्रॅमपेक्षाही कमी मीठ. दिवसाची सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमची आहे. एवढ्याने...

उंबरठा:
तुमच्या हिशेबात कुणाचे पाय सुजत नाहीत, म्हणून सोपं जातं. ज्याला डॉक्टरांनी मर्यादाच निम्मी करून दिलीय, त्याच्यासाठी तुमचा हा "एवढ्याने" किती होतो तेही मांडा.

गणिती:
...हे बरोबर आहे. चूक माझी. पथ्यावरच्या माणसासाठी पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधी काढायचा किंवा त्यावर आरओ हवा, त्यात बरंचसं सोडियम अडतं. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घालतात, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही विचारूनच.

लोहचुंबक:
इतका खटाटोप कशाला? पाइपवर चुंबक लावा. मीठ नाही, धुणं नाही, वीज नाही. मी दोन वर्षं वापरतोय, फरक जाणवतो.

हौशी_प्लंबर:
फरक कुठे जाणवतो? खिशात?

रहाटगाडगं:
यावर मी आणि प्लंबर एका बाजूला, म्हणजे आज काहीतरी अशुभ होणार. चुंबकाने कॅल्शियम कुठेही जात नाही आणि घरच्या पाइपावर त्याचा भरवसा धरावा असा पुरावा मला सापडलेला नाही. क्षाराचे सूक्ष्म स्फटिक बनवणारी माध्यमं असतात, ती वेगळी. त्यांनी दगड चढणं कमी होऊ शकतं. पण पाणी जडच राहतं, साबणाला फेस येत नाही. त्यांना सॉफ्टनर म्हणून खपवतात तो निव्वळ चावटपणा.

लोहचुंबक:
तुम्हाला ऐकायचंच नाही. चालू द्या.

हौशी_प्लंबर:
(तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतोय. बायकोने हा सगळा वाद वाचला आणि म्हणाली, एकदा तपासून का टाकत नाही? टाकलं. कठीणपणा ३८०, लोह ०.१, नायट्रेट मर्यादेत. म्हणजे सॉफ्टनर लावला तो बरोबरच होता, हे सगळ्यांनी मोठ्याने वाचावं.

कोलिफॉर्म सापडले. ई. कोलाय (मैल्यातले जंतू) पण. आरओ आठ वर्षांत घ्यायचा राहूनच गेला. दुसऱ्यांना सांगत होतो, घरी नव्हता. आठ वर्षं आम्ही नुसतं मऊ केलेलं पाणी पीत होतो. पोरांची पोटं पावसाळ्यात बिघडायची, ते आम्ही हवेवर ढकलायचो. झालं समाधान?

रहाटगाडगं:
नाही हो, कसलं समाधान. आजपासून पिण्याचं पाणी उकळा. विहिरीच्या कठड्याला आणि वरच्या कड्यांच्या सांध्यांना फटी आहेत का बघा, पावसाचं पाणी तिथूनच आत जातं. आधी त्या बुजवा, मग जोरदार क्लोरिनेशन. त्या वेळी सॉफ्टनर बायपासवर टाका, क्लोरीन रेझिन खातं. वास पूर्ण गेला की काही दिवसांनी पुन्हा नमुना द्या. तरीही आले तर पिण्याच्या लाइनवर यूव्ही, सॉफ्टनरच्या नंतर. तुमचा क्वार्ट्झचा मुद्दा तिथे कामाला येईल.

मातीतला:
आधी जवळपास कुणाचा शोषखड्डा आहे का तेही बघा.

हौशी_प्लंबर:
आहे. माझाच. सॉफ्टनरचा पाइपही त्यातच सोडलाय. विहिरीपासून किती पावलं, ते विचारू नका.

मातीतला:
किती पावलं?