पुणे सहल, ३० डिसेंबर: बुधवारी कात्रज बंद असतं, आणि गाडीचं काय ठरलं?

प्रेषक: बिबवेवाडीकर

सचिवसाहेब, अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या पुणे सहलीचं पत्रक मिळालं. ३० तारखेला बुधवार आहे आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय दर बुधवारी बंद असतं. एक तर वार बदला, नाही तर कात्रज गाळा. माझं मत विचाराल तर गाळाच. आवार तलाव धरून एकशेतीस एकरांचं आहे, बॅटरीच्या गाडीला रांग असते आणि लहान पोरं सर्पोद्यानापाशीच तासभर रेंगाळतात. अर्धा दिवस तिथेच जातो. त्याच दिवशी शनिवारवाडाही घेतलात तर दोन्ही ठिकाणं अर्धवट राहतील.

प्रेषक: सचिव

वार बदलता येणार नाही. गुरुवारी ३१ तारीख येते, संध्याकाळी कॅम्प आणि फर्ग्युसन रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि शुक्रवारी दोन घरांची परतीची विमानं आहेत. तेव्हा कात्रज वगळलं. ज्यांना जायचं असेल त्यांनी बुधवार सोडून आपापलं जावं. आता यादी अशी: सारसबाग, केळकर संग्रहालय, विश्रामबागवाडा, अप्पा बळवंत चौक (पुस्तकांची दुकानं), शनिवारवाडा. नऊ घरं, एकतीस माणसं, त्यांत चौदा मुलं. सतरा सीटच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर सांगतो. आधी कोथरूड, मग औंध, असं घेत जाऊ. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: कोथरूडकर

हरकत आहे. कोथरूड, मग औंध, मग परत उलटं सारसबागेला, म्हणजे सकाळचा दीड तास गाडीतच गेला. चिंचवडची मंडळी तर यात कुठेच बसत नाहीत.

ठिकाणांचा क्रम मात्र बरोबर लागलाय, तो कोणी बदलू नका. बाजीराव रस्ता एकेरी आहे, स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे. शिवाजी रस्ता त्याच्या उलट. सारसबागेतून निघून पूरम चौक ओलांडला की केळकर संग्रहालय, मग शनिपाराजवळ विश्रामबागवाडा, पुढे अप्पा बळवंत चौक आणि शेवटी शनिवारवाडा. सगळं एका सरळ रेषेत येतं. उलटीकडून सुरुवात केलीत किंवा ड्रायव्हरचं संग्रहालयाचं वळण चुकलं, तर मागे फिरता येत नाही. पुन्हा शनिवारवाड्यापर्यंत जाऊन शिवाजी रस्त्याने खाली यायचं आणि अख्खी फेरी मारायची. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या बसही तिथेच असतात.

आणि ट्रॅव्हलर उभी कुठे करणार? बाजीराव रस्त्यावर थांबू देत नाहीत, मंडईजवळच्या बहुमजली वाहनतळांत एवढ्या उंचीची गाडी शिरत नाही. म्हणजे ड्रायव्हर माणसं उतरवून लांब निघून जाणार, आणि त्याला फोन केल्यावर एकतीस माणसांनी फूटपाथवर अर्धा तास काढायचा. सारसबाग ते शनिवारवाडा सगळं मिळून अडीच किलोमीटर आहे. मधे तीन ठिकाणी थांबत ते चालतच करायचं. गाडी लागलीच तर सकाळी पोचायला आणि संध्याकाळी परतायला.

प्रेषक: औंधकर वहिनी

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. ट्रॅव्हलरमध्ये कार सीट बसते का, एवढंच सांगा. बाकी तुम्ही ठरवाल ते.

प्रेषक: चिंचवडकर

वहिनी, बसत नाही. ट्रॅव्हलरच्या सीटला एक तर बेल्टच नसतो, नाही तर नुसता कमरेचा असतो. सीट अडकवायचे हूक तर नसतातच. कार सीट हवी असेल तर अर्टिगा किंवा इनोव्हा सांगा. नव्या मॉडेलांत मधल्या रांगेत पाठ आणि बैठक मिळते त्या फटीत आयसोफिक्सचे दोन लोखंडी हूक असतात. आपल्या अमेरिकेतल्या कार सीटच्या पट्ट्यांची टोकं त्यांत अडकतात. बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारा. मधल्या सीटवर रेक्झिनचं कव्हर आहे का? असेल तर हूक आणि बेल्टची बक्कल दोन्ही त्याखाली दडपलेली असतात. ती आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवायला सांगा, ऐन वेळी रस्त्यात बैठक उचकटत बसू नका. मधल्या रांगेत खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का? नंबरप्लेट पिवळी आहे का? पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते.

हूक नसले आणि बेल्टनेच बसवायची वेळ आली तर एक फरक नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो आपोआप लॉक होतो आणि सीट घट्ट राहते. भारतातल्या गाड्यांत बहुधा ही सोय नसते. बेल्ट फक्त झटका बसल्यावर अडकतो, एरवी सैल सुटत राहतो. वरून सीट घट्ट बसल्यासारखी दिसते आणि दोन वळणांत एका बाजूला कलते. त्यासाठी लॉकिंग क्लिप लागते, एच अक्षराच्या आकाराची धातूची छोटी पट्टी. तुमच्या सीटला बेल्ट आवळून धरणारा स्वतःचा चाप असेल तर क्लिपची गरज नाही. सीटचं पुस्तक बघा. क्लिप लागणार असेल तर कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पट्टे एकत्र धरून, बक्कलमध्ये जाणाऱ्या जिभेपासून इंचभराच्या आत ती लावायची. मग बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची. इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळायची. क्लिप इथूनच घेऊन जा.

सचिवांसाठी: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९४ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय असेल तर हजार रुपये दंड. दंड महत्त्वाचा नाही. मंडळाने सांगितलेल्या गाडीत चौदा मुलं मोकळी बसवणं मला पटत नाही.

प्रेषक: सचिव

गाडीचं बोलणं दर वेळी समितीच करते आणि आजवर नीट झालं आहे. पण मुद्दा मान्य. मग आजी-आजोबा आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी दोन अर्टिगा, बाकीच्यांचं काय?

प्रेषक: वनाझकर

बाकीच्यांनी मेट्रो. चिंचवडकरांना तर गाडी बदलायचीही गरज नाही, पिंपरी चिंचवड महापालिकेला बसायचं आणि थेट स्वारगेटला उतरायचं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे तीन-चार वर्षांत जे पुण्याला गेले नाहीत त्यांच्या डोक्यात हा मार्गच नसेल. कोथरूडवाल्यांनी वनाझ, आयडियल कॉलनी किंवा नळ स्टॉपला चढायचं, जिल्हा न्यायालयाला उतरून खालची लाइन धरायची. मग कसबा पेठ, मंडई, स्वारगेट, तिसऱ्या स्टेशनला उतरायचं. वाटेत मुलांना डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्टेशनं दाखवा, छपरांचा आकार मावळ्यांच्या पगडीचा आहे.

अडचण एकच, जिल्हा न्यायालयाला वरची लाइन उन्नत आणि खालची जमिनीखाली सुमारे तेहतीस मीटर. सरकते जिने एकामागून एक उतरावे लागतात. स्ट्रोलर असेल तर सरकत्या जिन्यावर न्यायचा नाही, लिफ्टनेच जायचं. आणि लिफ्ट एका दमात वरून तळापर्यंत नेईलच असं धरू नका. या बदलाबदलीला पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. मुलांच्या गटाला एक मोठा पुढे आणि एक मागे असावा. जिन्याच्या तोंडाशी थांबून मागच्यांची वाट बघायची नाही, मागून माणसं येऊन आदळतात.

स्वारगेट स्टेशनपासून सारसबाग जवळच आहे, पण मधला चौक पोरांना घेऊन ओलांडणं जिकिरीचं. रिक्षा करा. रिक्षात तीनच प्रवासी, चौघांचं कुटुंब असेल तर निघण्याआधी बोलून घ्या.

प्रेषक: औंधकर वहिनी

स्ट्रोलर आणायचा की नाही?

प्रेषक: कोथरूडकर

नका आणू. बाजीराव रस्त्याचा फूटपाथ म्हणजे दर वीस पावलांवर एक पायरी, एक विजेचा डीपी आणि एक लावलेली स्कूटर. केळकर संग्रहालयातले जिने अरुंद आहेत, शनिवारवाड्याच्या नगारखान्यावर जायलाही दगडी पायऱ्याच. पाठीवर किंवा पोटावर बांधायची झोळी आणा. आणि रस्ता एकेरी असला तरी ओलांडताना दोन्हीकडे बघा, उलटीकडून दुचाक्या येतातच.

प्रेषक: खजिनदार

तिकिटांवरून दर वेळी गोंधळ होतो म्हणून आधीच लिहितो. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे भारतीयांना २५ रुपये, परदेशी नागरिकांना ३००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पासपोर्ट कुठलाही असो. म्हणजे आपल्या चौदापैकी तेरा मुलं फुकट. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांचं) असलेल्यांना मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे राष्ट्रीय स्मारकं आणि संग्रहालयांत भारतीयांचाच दर लागू आहे. पण खिडकीवर कार्ड दाखवावं लागतं, आणि ते घरी कपाटात ठेवून कोणीही निघू नये. कार्डाचा फोटो चालेलच असं नाही. केळकर संग्रहालयाचे दर वेगळे आहेत, ते त्या त्या घराने भरावेत.

पैशांचं: रिक्षा, भेळ, नारळपाणी सगळीकडे यूपीआय चालतं, पण तुमचं चालेल का ते इथूनच बघा. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं अमेरिकेतल्या मोबाइल नंबरला जोडून यूपीआय घेता येतं, २०२३ पासून परवानगी आहे. तुमची बँक ती सोय देते का ते विचारा. नोंदणीचा एसएमएस त्याच सिमवरून जातो, त्यामुळे तिकडे पोचून सिम बदलल्यावर हे करायला गेलात तर अडकाल. ज्यांचं होणार नाही त्यांनी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा ठेवाव्यात. पाचशेची नोट रिक्षावाल्यापुढे काढून उपयोग नाही.

प्रेषक: बिबवेवाडीकर

सारसबागेला लागूनच पेशवे उद्यान आहे हे कोणी लिहिलंच नाही. फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी तिथली, १९५६ पासूनची. पाच वर्षांच्या मुलाला शनिवारवाड्यापेक्षा ती जास्त लक्षात राहील. चालू आहे ना, हे मात्र आदल्या दिवशी तिथल्या कुणाला तरी विचारून घ्या.

प्रेषक: मराठी शाळा, बालवर्ग

संग्रहालयात मुलांना हिंडवायचं काम शाळेकडे असू द्या, कृपा करून त्यासाठी वेगळी समिती नको. संग्रहालय दहाला उघडतं. दारात पोचून ओळ लावेपर्यंत सव्वादहा. चौदा मुलांचे तीन गट करणार आहोत, कारण दालनं लहान आहेत आणि सगळी एकदम शिरली तर मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. प्रत्येक गटाला शोधायच्या तीन वस्तू: अडकित्ता, दिवा, वज्री. अडकित्त्यांत घोडा, पोपट, माणसांची जोडी असे आकार आहेत. वज्री म्हणजे पाय घासायची. तळाला खरखरीत आणि वर पितळेची नक्षी, कुठे पक्षी तर कुठे हत्ती. ही वस्तू कशासाठी असेल हे मुलांनी आधी ओळखायचं, पाटी मग वाचायची. मस्तानीच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून उभं केलेलं दालन सगळ्यांनी मिळून बघू. दीड तास पुरे, त्यानंतर मुलं भुकेने कुरकुरायला लागतात.

शनिवारवाड्याबद्दल एक विनंती. नारायणरावाच्या खुनाची गोष्ट सात वर्षांखालच्या मुलांना तिथे उभं राहून सांगू नका. त्यांना दिल्ली दरवाजाचे खिळे दाखवा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते त्याच्या मस्तकाच्या उंचीवर ठोकले आहेत. खाली हजारी कारंज्याच्या पाकळ्या मोजू द्या.

प्रेषक: चिंचवडकर

नारायणरावाचं पटलं नाही. १७७३ साली त्याच वाड्यात घडलेली गोष्ट आहे आणि मोठ्या मुलांना ती समजायला हवी.

प्रेषक: मराठी शाळा, बालवर्ग

काका, मी सात वर्षांखालच्या मुलांबद्दलच लिहिलंय. मोठ्यांना तुम्हीच सांगा, फक्त लहान गट नगारखान्यावर गेल्यावर सांगा.

प्रेषक: डॉक्टरताई

खाण्याबद्दल थोडं. मिसळ मागवलीत तर कट वेगळ्या वाटीत मागा, मुलांना नुसती मटकी, फरसाण आणि पाव द्या. मस्तानी या आइस्क्रीमच्या पेयावर वरून बर्फ घालू देऊ नका, ती मुळातच घट्ट आणि गार असते. पाणी घरून उकळून गार केलेलं, माणशी एक लिटर. सकाळी स्वेटर लागेल आणि अकरानंतर ऊन चटकेल, तेव्हा कपडे एकावर एक घाला.

ओआरएसची पाकिटं दोन आकारांत मिळतात. एकवीस ग्रॅमचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, चार ग्रॅमच्या आसपासचं छोटं २०० मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट पेल्यात कालवून दिलं तर क्षार फार होतात आणि मुलाला अपाय होतो. अर्धं पाकीट अंदाजाने ओतायचं नाही, अख्खं पाकीट मापाच्या पाण्यात. टेट्रापॅकमधलं फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, दुकानदार काही म्हणो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असल्याचं लिहिलेलं बघून घ्या.

प्रेषक: सचिव

ठीक. सकाळी साडेआठला सारसबागेच्या फाटकाशी जमायचं, येताना मेट्रो किंवा आपापली सोय. दोन अर्टिगा मी सांगतो, पिवळी प्लेट आणि मधल्या सीटचं कव्हर काढून. त्या दिवसभर थांबणार नाहीत. शनिवारवाड्याहून चारला परत नेतील. इतरांनी नवा पूल चालत ओलांडून पुणे महानगरपालिका स्टेशन गाठावं. तिथून वनाझची गाडी थेट आहे. चिंचवडकरांना एक स्टेशन उलट जाऊन जिल्हा न्यायालयाला बदलावं लागेल.

प्रेषक: मराठी शाळा, बालवर्ग

अप्पा बळवंत चौकाला तासभर ठेवा, अर्ध्या तासात भागणार नाही. पुस्तकांची यादी शाळा करेल आणि दुकानाला आठवडाभर आधी कळवेल, म्हणजे गठ्ठा बांधून तयार राहील. मुलांनी स्वतः निवडायचं ते एकच पुस्तक, आणि ते त्यांनी तिथेच एक पान मोठ्याने वाचून घ्यायचं. पालकांनी दुकानात शिरून यादीबाहेरची पुस्तकं गठ्ठ्यात टाकू नयेत. गठ्ठा तीन घरांच्या बॅगांत वाटून यायचा आहे. कोणाच्या बॅगेत पाच किलो जागा आहे ते मला २० तारखेपर्यंत कळवा.