अलीकडे काय पाहिलंत, कोणाबरोबर पाहिलंत? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

आमच्या भागात कुणी सिनेमाचं नाव काढलं की "कसा आहे?" याच्या आधी "कुठल्या भाषेतला?" हा प्रश्न येतो. एकाच घरात आजी मराठी बघते, नातू कन्नड, आणि जेवताना सगळे मिळून हिंदी. म्हणून नुसतं नाव आणि "मस्त आहे" एवढंच लिहू नका. कोणाबरोबर बसून पाहिलात, भाषा कितपत कळली, आणि कोणाला आवर्जून दाखवाल, तेही सांगा. जुना असला तरी चालेल, तुम्ही अलीकडे पाहिलेला असला म्हणजे झालं. शेवट तेवढा फोडू नका.

सुरुवात मीच करते.

टिळकवाडी, बेळगाव

'दशावतार' पाहिला, बाबांबरोबर. सप्टेंबर २०२५ मध्ये आला तेव्हा आम्ही कोल्हापूरला भावाकडे होतो, तिथेच गाठला. आईचं माहेर सावंतवाडीकडचं, त्यामुळे मालवणी बोली घरात कानावरची. आई गेल्यापासून मात्र ती ऐकू येणं बंदच झालं होतं.

बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत. नजर अधू होत चाललीय, मुलगा म्हणतोय आता थांबा, आणि त्याचा जीव रंगमंचावरून निघत नाही. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ८१ व्या वर्षी हे केलंय. तोंडाला रंग लावताना त्यांची बोटं बघा. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना पाठ आहे, असं वाटत राहतं. माझ्या बाबांचं गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या प्रसंगाला त्यांनी अंधारात माझा हात धरला आणि मध्यंतरापर्यंत सोडला नाही.

उत्तरार्ध मला लांबलेला वाटला. संकासुर, खाण, सूड हे सगळं मोठ्या आवाजात येतं, आणि आधीच्या तासाभरातली घरगुती ऊब कमी होते. तरी वडील हयात असतील तर त्यांना घेऊनच जा.

खानापूर

माझा सिनेमा जरा जुना आहे, पण परवा टीव्हीवर सुनेबरोबर पुन्हा बघितला. 'बाईपण भारी देवा'. ३० जून २०२३ ला आला होता. त्याच महिन्यात, ११ तारखेला, कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली होती. आमच्या बचत गटातल्या अकरा जणी आधार कार्ड दाखवून बेळगावला गेलो. नवऱ्याकडे तिकिटाचे पैसे न मागता, सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायची ही आमची पहिलीच वेळ. थेटरचे पैसे गटातल्या भिशीतून काढले.

सहा बहिणी, एकमेकींशी धड न बोलणाऱ्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. गोष्ट साधीच आहे. पण रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते ह्या आपल्या वयाच्या बायका पडद्यावर दमतात, चिडतात, पाय मुरगळून घेतात आणि परत उभ्या राहतात, ते बघून आमच्यातली कुणीच गप्प बसली नाही. परतीच्या बसमध्ये आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आक्कांना एक झिम्म्याचं गाणं आठवलं, त्यांच्या आईचं. कागद कुणाकडेच नव्हता. प्रत्येकीने आपापल्या शून्य रुपयांच्या तिकिटामागे दोन-दोन ओळी लिहून घेतल्या. आक्का मागच्या श्रावणात गेल्या. तिकिटांवरचं छापलेलं उडून गेलंय, पेनाचं राहिलंय. ती सगळी तिकिटं आता माझ्याकडे आहेत.

थोडा गोड आहे सिनेमा, सगळं पटकन जुळून येतं, हे खरं. सुनेनेही तेच म्हटलं. पण जावा-बहिणी मिळून बघायला याच्याइतका दुसरा मला सापडला नाही.

निपाणी

'कांतारा'बद्दल लिहितो. माझी शाळा मराठी माध्यमाची, कन्नड वाचता येतं पण बोलताना अडखळतो. २०२२ मध्ये पहिला भाग हिंदीत बघितला आणि आवडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा नवा भाग आला, तेव्हा संकेश्वरचा मित्र म्हणाला, या वेळी कन्नडमध्येच बघायचा. बघितला. राजवाडा, जंगल, लढाया, पैसा दिसतो पडद्यावर. पण मला पहिल्या भागाचीच ओढ लागली, म्हणून घरी येऊन तो आजीबरोबर पुन्हा लावला, कन्नडमध्ये.

एक गोष्ट सांगून ठेवतो. त्यातली कन्नड आपल्याकडची नाही. आपल्याकडचं "हौद्री" (हो जी), "बर्री" (या जी) तिथे ऐकू येत नाही. ती किनारपट्टीची, मंगळूर-कुंदापूर बाजूची बोली आहे. माझा कन्नड मित्रसुद्धा दोन-तीन ठिकाणी थांबला. त्यामुळे आपल्याला कळलं नाही म्हणून कुणी खट्टू होऊ नये.

आजीला कन्नड बाजारापुरतं येतं. ती दर वर्षी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जाणारी. मी तिला भूतकोल म्हणजे दैवत अंगात येण्याचा तिकडचा विधी, पंजुर्ली म्हणजे रानडुकराच्या रूपातलं दैवत, हे समजावून सांगत होतो. शेवटची वीस मिनिटं सुरू झाली तशी ती खुर्चीवरून उठून खाली बसली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "गप रं. अंगात आलंय त्याच्या." त्यानंतर मी काही समजावलं नाही.

हुक्केरी

माहेर गडहिंग्लज, सासर कन्नड. माझ्या घरात 'सैराट' दोनदा आहे, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये. २०१७ ला 'मनसु मल्लिगे' आला, त्यातही रिंकू राजगुरूच आहे आणि संगीत अजय-अतुलचंच. लग्न झाल्यावर सासूबाईंनी मला तोच दाखवला होता, मला आपल्यातलं वाटावं म्हणून. गेल्या महिन्यात मी त्यांना मूळचा दाखवला.

कन्नड वाईट आहे असं नाही म्हणणार. पण मराठीत करमाळ्याकडची बोली आहे, विहीर आहे, उसाचं रान आहे, आणि ती माणसं त्या मातीतून उगवल्यासारखी वाटतात. रिमेकमध्ये गोष्ट आली, माती आली नाही. सासूबाईंना निम्मे शब्द कळले नसतील, तरी शेवटाला त्या उठून परसात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आमचं लग्नसुद्धा दोन जातींतलं. त्यांनी त्या वेळी आमची बाजू घेतली होती. रात्री भाकऱ्या थापताना त्या एवढंच म्हणाल्या, "छलो आत, नीवु इल्ले इद्दीरी." बरं झालं, तुम्ही इथं आहात.

अनगोळ, सध्या शिक्षणासाठी धारवाड

वरचं वाचून 'तिथी' सुचवावासा वाटला. राम रेड्डींचा कन्नड सिनेमा, २०१५ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात गाजला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मंड्याकडच्या खेड्यात, तिथल्याच माणसांना घेऊन केलाय. कुणीही नट नाही. १०१ वर्षांचा सेंच्युरी गौडा मरतो आणि अकराव्या दिवसाच्या जेवणापर्यंतची गोष्ट. मुलगा कशातच अडकायला तयार नाही, नातू जमीन विकायच्या धडपडीत, पणतू एका धनगराच्या मुलीमागे.

मी सबटायटल वाचतच बघितला. पण जमिनीच्या कागदांवर सह्या, जेवणाला मेंढरं किती लागतील याचा हिशेब, सुतकातली भावकी, यातलं काही मला वाचावं लागलं नाही. आजोबांच्या तेराव्याला आमच्या अंगणात हेच बोलणं चाललं होतं, मराठीत. संथ आहे, दोन बैठकीत बघितलात तरी चालेल.

मूळची शहापूरची, नोकरी पुण्यात

'तिथी' आवडला असेल तर 'साबर बोंडं' बघाच. रोहन कानवडे यांचा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. इथेही मरणानंतरचे दिवसच आहेत. वडील गेल्यावर मुंबईतला आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात, आणि त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो.

दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट आहे, हे आधीच सांगते, कारण आपल्याकडे घरच्यांबरोबर लावताना लोक बिचकतील. मला त्यातली आई विसरता येत नाही. तिला सगळं माहीत आहे आणि ती कुणाला काही पटवून द्यायला जात नाही, नुसती मुलाच्या बाजूला बसते. माझ्या धाकट्या भावाने मला चार वर्षांपूर्वी जे सांगितलं, ते आईला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीला घरी आले की आम्ही तिघं मिळून हा बघणार आहोत. तसं भावाशी ठरलंय.

चिकोडी

मला सिनेमा सुचवायचा नाही, एक अडचण मांडायची आहे. मराठी सिनेमा आपल्याकडे येतो तो एका खेळापुरता, तोही दुपारी साडेबाराचा किंवा रात्री उशिराचा. मागे आम्ही चौघं ६० किलोमीटर जाऊन पोचलो, तर खिडकीवर सांगितलं की सातच तिकिटं गेलीत, खेळ होणार नाही. पैसे परत मिळाले, दिवस नाही मिळाला. म्हणून माझी विनंती, पाहायचा असेल तर पहिल्या शुक्रवार-शनिवारीच पाहा. सोमवारपर्यंत थांबलात की तो गेलेला असतो.

वडगाव, बेळगाव

वय ७८. यंत्रमागावर जन्म गेला. आता नातू मोबाइलवर लावून देतो. त्याने 'संत तुकाराम' लावून दिला, १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. लहानपणी गल्लीत पडदा बांधून दाखवलेला, तेव्हा विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम डोळ्यांत भरला होता. आत्ता बघताना जिजाई दिसली. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि नवरा अभंगात. ती चिडून देवळात जाऊन विठोबाशी भांडते. गौरीबाईंनी ते असं केलंय की देवाने उत्तर द्यावंच असं वाटतं. आमच्या पगाराचा आठवडा चुकला की आमची मंडळी अशीच बोलायची. मी कधी उलट बोललो नाही, पण ऐकूनही घेतलं नाही. ती आता नाही. ज्यांची आहे त्यांनी शेजारी बसवून बघावा.

उचगाव

आठ वर्षांच्या मुलीबरोबर बघण्यासारखं काही सांगा. शेजारचा कन्नड मुलगाही रोज असतोच.

टिळकवाडी, बेळगाव

'एलिझाबेथ एकादशी', परेश मोकाशींचा, २०१४ चा. पंढरपुरातली भावंडं आणि त्यांची एलिझाबेथ नावाची सायकल. आई स्वेटर विणून घर चालवते, कर्जापायी तिचं यंत्र जप्त होतं, आणि सायकल विकायची वेळ येते. मग ऐन एकादशीच्या गर्दीत ही पोरं बांगड्यांचं दुकान मांडतात. गरिबी आहे, पण मुलं एकदाही केविलवाणी दिसत नाहीत.

उचगाव

काल लावला. मुलगी शेजारच्या मुलाला कन्नडमध्ये सांगत होती, मध्येच अडली की माझ्याकडे बघायची. "जप्ती"ला तिच्याकडे शब्द नव्हता, तर त्यानेच सांगितला. त्यांच्या घरचा ट्रॅक्टर तसाच गेलाय, हे मला काल कळलं. दोघं बांगड्यांच्या दुकानापर्यंत आले आणि वीज गेली. सायकल राहते की जाते, हे मी सांगितलेलं नाही. आज सहाला परत येणार आहे म्हणालाय, धाकट्या बहिणीलाही घेऊन.