परभणी: स्लॅबचं घर, मेमध्ये ३४० युनिट. १५ हजारांत आधी काय करावं?

प्रश्न: गंगाखेडरोड
घर एकमजली, ६०० चौरस फूट, स्लॅब पाच इंची, वर काहीच नाही. हॉलची भिंत आणि खिडकी पश्चिमेला. चार साधे पंखे, उन्हाळ्यात दिवसाला १८ तास. लोखंडी कूलर १२ तास. फ्रीज जुना. बोअरची एक एचपीची मोटर रोज पाऊण तास. मे महिन्याचं बिल ३४० युनिटांचं आलं, आणि एवढं करूनही उकाड्यानं रात्री झोप नाही. सोलरवाल्यानं ३ किलोवॅट सुचवलंय. सध्या हातात १५ हजार आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर: चुनखडी
दादा, सुरुवात स्लॅबपासून. रात्री नऊला स्टुलावर चढून छताला खालून तळहात लावा, चटका बसतो. पाच इंच काँक्रीटमधून दुपारचं ऊन खाली उतरायला काही तास लागतात, म्हणून बाहेर गार झालं तरी घर तापलेलंच. पंखा तीच छताजवळची गरम हवा अंगावर फेकतो. हे ऊन वरच्या वर परतवायचं काम चुना करतो.

६०० फुटांना दोन हातांसाठी साधारण १० किलो चुनकळी (न विरवलेला चुना) आणि ५० लिटर पाणी धरा. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीवर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं. प्लास्टिकची बादली वापरू नका, उष्णतेनं मऊ पडते. डोळ्यांना चष्मा लावा, पोरांना लांब ठेवा. एक दिवस मुरू द्या, मग फडक्यातून गाळा. २०० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात मिसळा. काही जण मीठ टाकतात, ते टाकू नका. मीठ मुरून आतल्या सळईला गंज चढवतं.

स्लॅब तारेच्या ब्रशनं घासून, धुऊन घ्या. भेगा आधी भरा. पहिला हात ताकासारखा पातळ, दुसरा पहिल्याला आडवा.

बहुतेकांचं काम बिघडतं ते वेळेवरून. भर उन्हात मारलेला चुना तासाभरात वाळतो आणि दुसऱ्या दिवशी हाताला पीठ लागतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होतो, त्यासाठी तो काही काळ ओला राहावा लागतो. म्हणून स्लॅब ओला करून संध्याकाळी मारा आणि पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी शिंपडा. गच्चीचं पाणी टाकीत किंवा बोअरला सोडलेलं असेल तर पहिल्या एक-दोन पावसांत तो पाइप काढून ठेवा. पावसात चुना झिजतो, दरवर्षी शिमग्याच्या आसपास नवा हात द्यावा लागेल. गच्चीवर आधीच चकचकीत वॉटरप्रूफिंग असेल तर त्यावर चुना धरत नाही, तिथे पांढरा उष्णतारोधक रंगच घ्या.

उत्तर: औसा_वायरिंग
चुन्याचं बरोबर आहे. आता युनिटांचा हिशोब बघा. चार पंखे × ७५ वॅट × १८ तास म्हणजे दिवसाला ५.४ युनिट, महिन्याला १६२. निम्मं बिल पंख्यांचंच आहे! बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॅट घेतो, म्हणजे चारांचे मिळून महिन्याला ६५ युनिट. ९७ वाचले. एक पंखा २८०० धरला तरी चार ११,२०० मध्ये बसतात, चुन्याला पैसे उरतात.

जोडताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून वायर थेट स्विचला द्या. मध्ये रेग्युलेटर राहिला तर पंखा गुणगुणतो आणि आतलं सर्किट लवकर जातं.

एक गैरसमज सगळीकडे आहे: महिन्याला ३०० युनिट ओलांडले की पूर्ण बिल वरच्या दरानं लागतं. तसं नसतं. वरचा दर फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांना. पण तीच युनिटं महाग, म्हणून तीच आधी कापायची.

प्रश्न: गंगाखेडरोड
धन्यवाद. गावाकडं माळवदाची घरं किती गार असायची! तशीच सहा इंच माती स्लॅबवर टाकली तर?

उत्तर: चुनखडी
नका टाकू, कळकळीनं सांगतो. सहा इंच माती म्हणजे चौरस मीटरला २४० किलोच्या आसपास, भिजली की आणखी जास्त. घराच्या गच्चीचा स्लॅब माणसं-सामानासाठी साधारण १५० किलो धरून काढलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि असल्याच जड माळवदांखाली. तुराट्या-पऱ्हाट्याही वर रचू नका, एका ठिणगीचं काम. सावलीच हवी तर ७५ टक्क्यांची शेडनेट पाइपांवर ताणा, मात्र कडेनं दोर पक्के बांधा. वळवाच्या वाऱ्यात पहिली तीच उडते.

पश्चिमेच्या खिडकीलाही हीच नेट, काचेच्या बाहेर वीतभर अंतर सोडून. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच.

उत्तर: कूलर_दुरुस्ती_जालना
ताई असोत की दादा, कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणारे फार. समोरची खिडकी वीतभर उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते आणि अंग चिकचिकतं. कूलर खोलीबाहेर, सावलीत ठेवा. बोअरच्या पाण्याचा क्षार हा आपल्याकडचा खरा त्रास. पंपाची जाळी काढून बघा, पांढरी खपली धरलेली असेल. पाणी वरच्या पन्हाळीत कमी चढतं, गवत कडेनं कोरडं राहतं आणि तिथून गरम हवा आत येते. दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा, नुसतं वरून पाणी भरू नका. जाळी लिंबाच्या पाण्यात रात्रभर भिजवली की खपली सुटते. फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, दाराच्या रबरात कागद धरून बघा. कागद सहज निघाला तर रबर बदला.

उत्तर: औसा_वायरिंग
सोलरचं शेवटी. १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. पंखे बदलल्यावर तुमचा मे २४३ वर येईल, म्हणजे २ किलोवॅट पुरे. प्रधानमंत्री सूर्य घर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार अनुदान, ३ ला ७८ हजार. जास्तीच्या अनुदानाकडे बघून मोठं घेऊ नका. आणि बॅटरी नसलेलं ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर लाइट गेली की बंद होतं, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. हे विकणारा सांगतोच असं नाही, कागदावर सही करण्याआधी विचारून घ्या.