एडीएचडी: नजरेचं ट्रेनिंग घेतल्यानं लक्ष टिकतं का?

कोथरूडची_आई
मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान केलंय. वाचताना ओळ गाळतो, नाहीतर तीच परत वाचतो. इथल्या एका सेंटरनं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यानं नजर टिपणारे खेळ सुचवलेत, तीस सेशन. नजर स्थिर झाली की लक्षही स्थिर होतं, असं ते सांगतात. पैसे भरावेत का?

ऑप्टोमेट्रिस्ट_सदाशिवपेठ
ताई, आधी डोळे नीट तपासून घ्या. लांबचा तक्ता वाचता आला म्हणजे झालं, असं नाही. थेंब घालून नंबर काढायला सांगा, कारण मुलं फोकसचा ताण देऊन प्लसचा नंबर झाकतात. जवळचं फोकसिंग आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवण्याची क्षमताही बघायला सांगा.

या शेवटच्या गोष्टीचा अंदाज घरी येतो. पेन्सिलचं टोक ४० सेंमीवर, डोळ्यांच्या रेषेत धरा आणि सावकाश नाकाकडे आणा. टोक दोन दिसलं किंवा एक डोळा बाहेर सरकला की थांबून अंतर मोजा. हे चार-पाच वेळा करा, कारण पहिल्यांदा ठीक येतं आणि थकल्यावर बिघडतं. अंतर सातत्यानं ६ सेंमी किंवा जास्त आलं तर कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सीची, म्हणजे जवळचं बघताना डोळे पुरेसे आत न वळण्याच्या दोषाची, शंका घ्यावी. त्यातही ओळी गळतात, वाचायची टाळाटाळ होते, आणि ते एडीएचडीसारखंच दिसतं. दोन्ही एकत्रही असू शकतात.

डोळ्याच्या या दोषावर उपाय आहे. २००८ च्या अमेरिकी चाचणीत क्लिनिकमध्ये आठवड्याला एक तास डोळ्यांचे व्यायाम आणि घरी सराव, असे १२ आठवडे दिल्यावर सुमारे ७३ टक्के मुलं सुधारली. घरी नुसती पेन्सिल जवळ आणण्याचा व्यायाम मात्र तुलनेसाठी दिलेल्या खोट्या उपचाराइतकाच ठरला. आणि २०१९ च्या पुढच्या चाचणीत, याच उपचारानं वाचलेलं समजण्यात खोट्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. डोळ्याचा दोष असेल तर तो बरा करा, पण त्यातून एडीएचडी बरा होईल अशी आशा कुणी दाखवली तर विश्वास ठेवू नका.

बालमन_पुणे
सेंटरच्या म्हणण्यात कार्यकारण उलटं झालंय. एडीएचडीत नजर भटकते हे खरं. ‘ठिपका दिसला की त्याच्या विरुद्ध बाजूला बघ’ या अँटीसॅकेड चाचणीत ही मुलं ठिपक्याकडेच जास्त वेळा बघतात, आणि प्रतिसादाचा वेळही दर खेपेला बदलतो. पण त्याचं मूळ डोळ्याच्या स्नायूंत नाही, ओढ आवरणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागात आहे. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध दिल्यावर या चुका कमी झाल्याचं आढळलंय, आणि ते औषध डोळ्याच्या स्नायूंवर काम करत नाही.

शिवाय साधा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक. नजरेची एक उडी २० ते ६० मिलिसेकंदांची! त्यातून ‘सुधारणेचा’ आलेख काढला तर तो कितपत खरा? संगणकावरच्या लक्ष-सरावाचं तसंच. मूल त्या खेळात तरबेज होतं, पण ट्रेनिंग झालंय हे माहीत नसलेल्या शिक्षकांना वर्गात फरक फारसा दिसत नाही.

सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी पुरावा आहे तो औषध आणि वर्तन-व्यवस्थापन एकत्र देण्याला, शाळेच्या सहभागासह. डॉक्टरांशी आधी तेच बोला.

कोथरूडची_आई
धन्यवाद! ओळी गळण्यासाठी तोवर काय करू? ओळीखाली पट्टी धरली तरी अडखळतो.

विशेष_शिक्षिका
पट्टी ओळीच्या वर धरा, वाचून झालेलं झाका. खाली धरली की पुढची ओळ लपते आणि नजरेला उडी मारायला जागा दिसत नाही. पांढरी नको, चकाकते; करडा जाड कागद घ्या, पानाच्या रुंदीएवढा, चारेक सेंमी उंच. बालभारतीच्या पानावर ओळी दाट वाटल्या तर मोठी झेरॉक्स काढा. पाच मिनिटं वाचन, दोन मिनिटं उठून हालचाल, मग पुन्हा पाच. गळलेली ओळ लगेच टोकू नका, परिच्छेद संपल्यावर बोट ठेवून दाखवा. वाचताना मधेच टोकलं की त्याची जागाच हरवते आणि तो पुन्हा पहिल्या ओळीवर जातो.