मदत हवी आहे : कोयोटी वाऱ्याखालून वळसा घेतात, कॉल कुठे ठेवावा?

नमस्कार. पश्चिम टेक्सासमध्ये माझ्या शेजाऱ्यांचे शेळ्यामेंढ्यांचे रँच असून, कोकरे उचलणाऱ्या कोयोटींच्या (कोल्ह्यासारख्या अमेरिकी रानटी प्राण्यांच्या) शिकारीसाठी शेजाऱ्यांच्या परवानगीने मी यंदा इलेक्ट्रॉनिक कॉल (प्राण्यांचे आवाज वाजवून शिकार जवळ बोलावणारे यंत्र) वापरू लागलो आहे. टेक्सासमध्ये कोयोटीला बंद हंगाम नाही आणि अशा कॉललाही मुभा आहे, त्यामुळे माझी अडचण कायद्याची नसून पद्धतीची आहे.

कॉल मी माझ्यापासून सुमारे ४० मीटर अंतरावर, वारा जिकडून येतो त्या बाजूला ठेवतो आणि जखमी सशाचा आवाज हळू सुरू करून वाढवत नेतो. कोयोटी येतात, परंतु थेट आवाजाकडे न जाता माझ्या पाठीमागून, वाऱ्याखालच्या बाजूने (वारा जिकडे वाहत जातो तिकडून) वळसा घेतात आणि माणसाचा वास लागताच मेस्किटच्या झुडपांत दिसेनासे होतात. (गावाकडचे कोल्हे मला यांच्यापुढे भोळे वाटू लागले आहेत.)

कॉल आडव्या वाऱ्यावर ठेवून वाऱ्याखालची मोकळी जागा नजरेच्या टप्प्यात ठेवणे योग्य ठरेल का? जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ असल्याने सशाऐवजी कोयोटीचीच हाळी लावावी का? शिवाय १५ मिनिटांत जागा सोडण्याची माझी घाई चुकीची आहे का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.